उजव्या हाताचा हातमोजा

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका सोमवारी, दिवस मावळताना, जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शिवारात ठासणीची बंदूक भरताना बारूद पेटली. परवानाधारक वासुदेव उमाळे, वय ४६, यांचा उजवा हात भाजला. त्यांच्या दोन्ही हातांत हातमोजे होते. त्यांना आधी जळगाव जामोदला आणि तिथून खामगावला हलवण्यात आलं. तर्जनी आणि मधलं बोट अर्ध्यातून काढावं लागलं. अंगठा राहिला, पण तो पुरता वळत नाही.

एका दैनिकात चार ओळींची बातमी आली. शेवटची ओळ अशी होती : ‘हातात हातमोजे असूनही उमाळे यांना गंभीर इजा झाली.’

ओळ खरी होती. हातमोजे कोणते होते, हे तिच्यात नव्हतं. मला ते माहीत होतं, कारण उमाळे यांना हातमोजे निवडून दिले होते मी, आणि त्या संध्याकाळी त्यांच्या हातांत होते ते मी दिलेले नव्हते.

खामगावात आमचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. वडिलांनी सुरू केलं, मी चालवलं, गेल्या वर्षी बंद केलं. दुकानात बसण्याआधी काही वर्षं मी एका दैनिकात उपसंपादक होतो. तिथली सवय अशी, की जे माहीत आहे ते लिहायचं आणि जे माहीत नाही तिथे थांबायचं. इथेही तसंच करतो.

लोकांना वाटतं, बंदुकीच्या दुकानात बंदुकाच असतात. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ हातमोज्यांत जायचा. बंदूक परवान्यात लिहिलेली असते, ती बदलत नाही. हात मात्र प्रत्येकाचा वेगळा. त्यासाठी वडिलांनी सागवानी लाकडाची एक खोटी बंदूक करून ठेवली होती. आत शिसं भरलेलं, वजन खऱ्या बंदुकीइतकं. हातमोजा काउंटरवर घालून पाहायचा नाही, ती बंदूक उचलून पाहायचा, हा दुकानाचा नियम. रिकाम्या हाताला कुठलाही हातमोजा बसतो. वजन आलं की तळव्याखाली चामड्याची घडी पडते, आणि ती घडी निशाण हलवते.

गिऱ्हाइकं तीन तऱ्हेची होती. पहिली, पहारेकरी. शेगावला एका बँकेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन उभे राहणारे एक निवृत्त हवालदार दर हिवाळ्यात यायचे. त्यांच्या हातात बायकोने विणलेले लोकरीचे हातमोजे असत. लोकर दस्त्याच्या गुळगुळीत लाकडावरून घसरते आणि चापाच्या कडीत अडकते. मी त्यांना चापाच्या बोटाची लोकर कापायला सांगितलं.

“कापायची कशी?” ते म्हणाले. “संध्याकाळी घरी गेलो की ती आधी हात पाहते. मग तोंड.”

पुढच्या खेपेला त्यांनी हात पुढे केला. बायकोने तेवढं बोट उसवून त्याचं वेगळं टोपरं केलं होतं आणि ते दोऱ्याने मनगटाला बांधलं होतं. बँकेच्या दारात ते टोपरं लोंबत असे आणि लहान पोरं ते ओढून पाहत. त्यांना चामड्याचा हातमोजा मी कधी विकू शकलो नाही.

दुसरी तऱ्हा नेमबाजांची. लोणार तालुक्यातल्या बीबीहून एक शिक्षक मुलीला घेऊन आले. ती शाळेच्या संघातून रायफल मारायची. मी तिच्या डाव्या हाताचं माप घेतलं आणि एकच हातमोजा बांधून दिला.

“जोडीतला दुसरा कुठं आहे?” सरांनी विचारलं.

“दुसरा लागत नाही.”

“का बरं? उजवा हात काय सावत्र आहे का?”

रायफल डाव्या तळव्यावर टेकलेली असते. दंडाला आवळलेला पट्टा तिला मागे ओढतो आणि सगळा दाब त्या हातावर येतो. बोटं बधिर होतात, मनगटातली नाडी नळीपर्यंत जाते. जाड हातमोजा ती नाडी अडवतो. उजव्या हाताचं काम नुसतं चापाचं, त्याला उघडं राहू द्यायचं. हे मी सरांना सांगितलं, त्यांना पटलं नाही. मुलीने दुकानातच गोणपाटावर पालथं पडून खोटी बंदूक धरली आणि म्हणाली, “पप्पा, उठा तिथून. तुम्ही निशाणात येताय.” सर उठले. ती पुढे खेळली. कुठवर गेली ते मला माहीत नाही.

तिसरी तऱ्हा ठासणीवाल्यांची. सातपुड्याच्या कडेच्या गावांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत. तोंडातून बारूद ओतायची, चिंध्या घालून गजाने ठासायची, नळीच्या बुडाशी असलेल्या बोंडीवर, म्हणजे भोक असलेल्या लहान खुंटावर, ठिणगी देणारी टोपी बसवायची, घोडा ओढायचा. जनावर मारायला परवानगी लागते, म्हणून बहुतेक जण नुसता आवाजाचा बार काढतात. रानडुक्कर पळतं, रोही म्हणजे नीलगाय पळते, पीक वाचतं.

या बंदुकीत हाताला धोका दोन ठिकाणी. बार निघताना बोंडीतून मागे ठिणग्या येतात. आणि पहिल्या बारानंतर नळीत निखारा राहिला असेल, तर दुसऱ्या खेपेची बारूद ओततानाच पेटते. म्हणून दोन बारांच्या मध्ये ओलं फडकं नळीतून फिरवायचं आणि थांबायचं, हे प्रत्येकाला सांगावं लागे. प्रत्येक जण मान हलवायचा. डुक्कर मात्र थांबत नाही.

इथे हातमोजा दोन्ही हातांना लागतो, आणि तो चामड्याचाच लागतो. चामडं करपतं, आखडतं, पण पेटत नाही आणि कातडीला चिकटत नाही. अडचण एकच. टोपी मसुरीच्या डाळीएवढी असते. जाड हातमोज्यात ती बोटाला लागत नाही. मग माणूस टोपी बसवायला हातमोजा काढतो, आणि एकदा काढला की परत घालत नाही.

वासुदेव उमाळे दुकानात पहिल्यांदा आले ते डाव्या हाताला फोड आलेला असताना. बोंडी झिजली होती. मी ती बदलून दिली आणि हातमोजे दाखवले.

त्यांचा धंदा मोसंबी-संत्र्याच्या रोपवाटिकेचा. जंबेरीच्या, म्हणजे काटेरी रानलिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधायचा, म्हणजे खोडाची साल चाकूने चिरून तिच्यात संत्र्याच्या काडीवरचा कोंब बसवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. त्या भागातल्या इतर रोपवाटिकावाल्यांनाही हंगामात त्यांचेच हात हवे असत. डुकरं रात्री वाफ्यांत शिरून किडे शोधतात आणि बांधलेली रोपं उपटून टाकतात. बंदूक त्यासाठी होती.

मी त्यांच्यापुढे ताटलीत टोप्या ठेवल्या आणि डोळे मिटून, हातमोजा घालून एक उचलायला सांगितलं. त्यांनी उचलली. मग म्हणाले, “हे त कोनीबी करन भाऊ. माह्यी परीक्षा येगळी हाय.”

पिशवीतून त्यांनी संत्र्याची काडी आणि कलमाचा चाकू काढला. हातमोज्यासकट कोंब सोलायला लागले. गायीच्या चामड्याच्या हातमोज्यात कोंब फाटला.

“तुम्हाला यात डोळे थोडेच बांधायचेत?” मी विचारलं. “बंदूकच भरायची ना?”

“डोळा बसला पायजे इतकं जर या बोटाले समजलं, त टोपी बसन. नाईतर नाई.” त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. “आपलं घर या दोन बोटांवर हाय. बोटाले दिसलं पायजे.”

त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नी सुनंदाबाई होत्या. त्या म्हणाल्या, “दादा, यायच्या बोटाले लई दिसते. तांदळातला खडा त्याले दिसत नाई, तो मलेच येचा लागते.”

दुसऱ्या खेपेला बकरीच्या चामड्याचा पाहिला. चामडं पातळ होतं, पण शिवण बोटाच्या टोकावरून गेली होती. कोंब पुन्हा फाटला. मी त्यांच्या हाताचं माप घेतलं, बोटांचं वेगवेगळं, आणि कारागिराला शिवण बोटांच्या बाजूने घ्यायला सांगितलं. जोडी तयार होऊन आली. वासुदेवराव पुन्हा बसने आले, काउंटरवर बसले, डोळे मिटले आणि काडीवरचा कोंब सबंध सोलून काढला. तो तळहातावर ठेवून मला दाखवला. खोटी बंदूक उचलून पाहिली. तळव्याखाली घडी नव्हती.

“आता झालं,” ते म्हणाले. चाळीस वर्षांच्या धंद्यात एवढ्या बारकाईने निवडलेली दुसरी जोडी मला आठवत नाही.

पुढचे दोन हंगाम त्यांनी ती वापरली. मधे एकदा बंदूक साफ करायला आले तेव्हा हातमोजे पिशवीत होते. डाव्याच्या पाठीवर ठिणग्यांचे काळे ठिपके होते. उजव्या हाताला बार काढताना काही झालं नव्हतं, कारण टोपी बसवताना हातमोजा काढावा लागत नव्हता.

अपघाताची बातमी मी वाचली तेव्हा मला वाटलं, याच हातमोज्यांनी दगा दिला. मी खामगावच्या दवाखान्यात गेलो. वासुदेवराव झोपेत होते. ड्रेसिंग करणाऱ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हातमोजा रबराचा होता. वितळून कातडीला चिकटला होता, तो काढण्यातच फार वेळ गेला. हिरवा होता, फवारणीचा. डावा हात बारूद ओतण्याच्या वेळी खाली होता, त्याला थोडंच लागलं.

हिरवे रबरी हातमोजे आता प्रत्येक घरात आहेत. कपाशीच्या फवारणीत विषबाधा व्हायला लागल्या, तेव्हापासून गावोगाव सांगितलं जातं, की हातमोज्याशिवाय औषधाला हात लावू नका. लोक ते पाळायला लागले, ही चांगली गोष्ट झाली. दारामागे खिळ्यावर हातमोजे टांगलेले असतात. पण वासुदेवरावांच्या घरात दुसरी जोडीही होती. ती का घातली नाही, ते डॉक्टरांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. माझा अंदाज होता, की चामडं कडक झालं असेल. तो चुकीचा निघाला.

हात बरा झाल्यावर, उन्हाळा लागताना, नवरा-बायको दुकानात आले. बंदूक ठेवून घ्या म्हणाले. पोलिसांची चौकशी संपली होती आणि परवाना परत करायचा ठरला होता. वासुदेवरावांनी उजवा हात उपरण्यात गुंडाळला होता. गोणपाटाची खोळ मी सोडली. बंदूक स्वच्छ होती. फक्त तिचा चामडी पट्टा नव्हता. त्याच्या जागी सुताची दोरी बांधली होती, चांगली पिळलेली, दोन्ही कड्यांना पक्क्या गाठी.

“पट्टा तुटला का?” मी विचारलं.

“नाई,” सुनंदाबाई म्हणाल्या. “खुंटीवर हाय. हातमोज्याच्या बाजूले.”

वासुदेवराव डाव्या हाताने दोरीची गाठ चाचपायला लागले. मग म्हणाले, “सप्ता चालू होता भाऊ. दत्तजयंतीचा. दरवर्षी पोथीले बसतो मी. आमच्या बापाच्यान चालत आलं. सात दिवस चामड्याले हात लावत नाई. पायात चप्पल नाई, कमरेले पट्टा नाई.”

“बंदुकीचा पट्टाही काढला?”

“चामडंच त हाय ते. दोरी लावली. हातमोजे खुंटीवर टांगले.”

“मी म्हटलं होतं यायले,” सुनंदाबाई म्हणाल्या. “सप्ता हाय, आज राहू द्या. डबडा वाजवा.”

“डबड्याले डुक्कर भेत नाई आता. डबडा वाजला का त्याले वाटते जेवाले बलावून राह्यले.” ते हे हसवण्यासाठी म्हणाले असावेत. “आदल्या रात्री एक अख्खा वाफा उपटला होता. दुसऱ्याच्या रोपांचे डोळे होते ते, बांधून द्यायचा शब्द होता. त्या दिवशी दिवस बुडाच्या आधीच आले. एक बार काढला. गेले नाई. म्हणून दुसरा भराले घेतला.”

“फडकं फिरवलं होतं?”

“नाई.”

“आणि रबराचे हातमोजे?”

“रबर त चामडं नाई ना.” त्यांनी हे मला समजावून सांगितलं. “फवारणीच्या कॅम्पमधी साहेब सांगून गेले होते, हातमोजा घातल्याशिवाय हात लावत जाऊ नका. म्हटलं, उघड्या हातापेक्षा बरं. हातमोजा त हातमोजाच असते.”

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी बंदूक परत खोळीत घातली.

“एक इचारू का भाऊ?” ते म्हणाले. “उघड्या हातानं भरली असती त?”

“भाजलंच असतं.”

“इतकं?”

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तेच मी त्यांना सांगितलं. रबर चिकटलं म्हणून जखम खोल गेली. उघडा हात असता तर किती बोटं राहिली असती, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

“आन् तुमचेवाले घातले असते त?”

सुनंदाबाई म्हणाल्या, “कायले इचारता आता?”

“इचारू दे. त्यायनं शिवून देल्ले, त्यायले मालूम असन.”

मी म्हणालो, चामडं करपलं असतं, चिकटलं नसतं. एवढंच मला माहीत आहे.

त्यांनी मान हलवली. जाताना उपरणं सोडून हात माझ्यापुढे धरला. तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या पेरापाशी संपत होतं. अंगठा तर्जनीकडे जाऊन मध्येच थांबत होता. “पाहा,” ते म्हणाले, “अजून दिसते याले. रात्री वाटते का चाकू हातात हाय.” मग उपरणं पुन्हा गुंडाळून ते बसस्टँडकडे गेले.

बातमीमुळे दुकानात एक प्रश्न वारंवार यायला लागला. सोनाळ्याकडचा एक ठासणीवाला म्हणाला, “हातमोजा घालूनबी हात जळते, त घ्यावा कायले?” मी त्याला कोणता हातमोजा होता ते सांगितलं. तो म्हणाला, “पेपरात त तसं नाई.” मी त्या दैनिकात फोन केला. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यात चुकीचं काय छापलं आहे. चुकीचं काही नव्हतं.

दुकान बंद होईपर्यंत मी प्रत्येक ठासणीवाल्याला माप घेण्याआधी एक गोष्ट विचारत होतो : चामडं बारा महिने चालतं का? बऱ्याच जणांना हा प्रश्न विचित्र वाटायचा. काही जण थांबून विचार करायचे. एक जण म्हणाला, अधिक महिन्यात नाही. एक जण म्हणाला, आमच्यात चालते, पण म्हातारी देवघराच्या खोलीतून नेऊ देत नाही आणि बंदूक तिथंच टांगलेली आहे. अशांसाठी मी वेल्डिंगवाले वापरतात ते, आगीला लवकर दाद न देणारे जाड सुती हातमोजे ठेवायला लागलो. ते बोजड असतात. त्यांत टोपी बोटाला लागत नाही. मी तेही सांगायचो, आणि त्या दिवसांत बंदूकच भरू नका, असंही सांगायचो. किती जणांनी ऐकलं, ते माहीत नाही.

वासुदेवरावांना हा प्रश्न मी तीन खेपांत एकदाही विचारला नव्हता. तो विचारण्याची तेव्हा रीत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात मी जळगाव जामोदला एका लग्नाला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उमाळे यांच्या रोपवाटिकेत गेलो. वाफ्यात सुनंदाबाई उकिडव्या बसून डोळे बांधत होत्या. चाकू त्यांच्या हातात होता. वासुदेवराव समोर बसून जंबेरीचं रोप खालून धरत होते. जंबेरीला लांब काटे असतात. त्यांच्या डाव्या हातात मी दिलेला हातमोजा होता.

“उलटा बसवशीन,” ते म्हणाले. “देठ खाली.”

“खालीच हाय.”

“नाई. मले दिसते.”

“तुमच्या बोटाले दिसते,” सुनंदाबाई म्हणाल्या. “माह्या बोटाले अजून चष्मा लागते. जरा दम धरा.”

त्यांनी कोंब सालीत सरकवला आणि पट्टी गुंडाळली. वासुदेवराव पुढच्या रोपाकडे सरकले. दुसऱ्यांच्या रोपवाटिकांतून आता बोलावणं येत नाही, असं त्यांनी सांगितलं. घरचे वाफे मात्र दोघांनी सोडलेले नाहीत. डुकरं येतात. संध्याकाळी धाकटा भाऊ वाफ्याभोवती शेकोट्या पेटवतो. शेकोटीला डुकरं भितात का, ते मी विचारलं. “कधी भेते, कधी नाई,” ते म्हणाले.

दत्तजयंतीच्या सप्ताहात ते त्याही वर्षी पोथीला बसले होते. पानं डाव्या हाताने उलटली. त्या सात दिवसांत डाव्या हाताला जुन्या धोतराचं फडकं गुंडाळून रोपं धरली, असं सुनंदाबाईंनी सांगितलं. हाताच्या पाठीवर काट्यांचे ओरखडे होते.

पाणी प्यायला आम्ही घरात गेलो. दाराच्या आतल्या बाजूला खुंटी आहे. तिच्यावर बंदुकीचा चामडी पट्टा आहे आणि त्याच्याशेजारी उजव्या हाताचा हातमोजा. डावा काट्यांनी फाटत आला आहे, अंगठ्यापाशी दोन ठिकाणी शिवला आहे. उजव्याची पाचही बोटं शाबूत आहेत.